काळ्यातली भोकं

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणालाही काही शिकवलं नव्हतं. शिकवायचे ते मास्तर, आणि तेही गाडी चालवायला. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळत गिअर बदलले होते. ते मास्तर, म्हणून या मास्तरीणबाई, एवढाच काय तो त्यांचा शिक्षणाशी संबंध. त्यांची स्वतःची नोकरी दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलापाशी. आलेल्या माणसाला बसवायचं, नंबर द्यायचा आणि सांगायचं, "काही दुखत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." आतून कुणी ओरडलं की बाहेर पांढरे पडलेल्यांना त्या शांतपणे सांगत, "त्यांचा आवाजच तसा आहे." वर्षानुवर्षं हे इतक्या मायेने सांगितलं की खोटं बोलतोय हे त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

मास्तरांना नाद एकच, लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर चटई टाकून पालथं पडायचं आणि तीनशे मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या. त्या कागदाच्या मधोमध मोठं काळं वर्तुळ, त्याच्या आत आणि बाहेर कडी आखलेली. बाहेरच्या पांढऱ्यात लागली तर चार-पाच, काळ्यात सातपासून पुढे, अगदी मध्ये दहा. गोळी कुठे लागली हे झोपलेल्या माणसाला धड दिसत नाही. म्हणून शेजारी दुसरं माणूस बसतं, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून, आणि सांगतं, "उजवीकडे, जरा वर." मग नेमबाज रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती त्या हिशेबाने फिरवतो. हे दुसरं माणूस म्हणजे मास्तरीणबाई. आधी त्या गाडीत बसून विणकाम करायच्या. एकदा मास्तरांचा जोडीदार आला नाही, म्हणून सुया खाली ठेवून दुर्बिणीपाशी बसल्या, त्या बसल्याच. कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं असूनही बायकोचं बोलणं मास्तरांना नीट ऐकू येई. संसारात ती सवय झालेलीच असते.

मग मास्तरांच्या मेंदूत कुठेशी बारीक गुठळी अडकली. जीव वाचला, बोलणंही महिन्याभरात सुधारलं, डावा हात मात्र अर्ध्या मनाने काम करू लागला. चहाचा कप उचलला की बशीत आधी थोडा सांडायचा. मास्तरांनी तो कप नाकारला, मग जेवणाचं टेबल नाकारलं, मग खोलीतली खिडकी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबला, त्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघेनात. मास्तरीणबाई दाराशी उभ्या राहून त्यांची पाठ बघायच्या. नवऱ्याचा राग आला की पाठ बघवत नाही म्हणतात, इथे राग नव्हता तरी ती बघवत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही असेल तर सुरू करा. रायफल पुढून टेकूवर ठेवली तर डाव्या हातावर भार येणार नव्हता. मैदानाच्या प्रमुखांनी मास्तरांना स्वतः तपासून परवानगी दिली. फक्त कागदापर्यंतच्या खडबडीत वाटेने चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ते काम मास्तरीणबाईंकडे आलं. गोळीबार थांबला की पलीकडे जायचं, भोकांवर कागदी चकत्या चिकटवायच्या आणि परत यायचं.

पहिल्या रविवारी मास्तरांनी पहिली गोळी मारली. बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. भोक पांढऱ्यात होतं, डावीकडे, कागद संपतो तिथे. असली गोळी मास्तरांनी तरुणपणीही मारली नसेल.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या मानेकडे पाहिलं. कॉलर ढिली झाली होती. "दिसत नाही," त्या म्हणाल्या.

आता ही दुर्बीण जुनी. पांढऱ्यावरचं भोक तिच्यातून स्वच्छ दिसे, पण काळ्यात गेलेली गोळी काळ्यातच विरून जाई. त्यामुळे दिसत नाही याचा अर्थ दोघांमध्ये वर्षानुवर्षं एकच होता.

"म्हणजे काळ्यात?" मास्तर म्हणाले.

"काळ्यातच असणार."

बघा, खोटं बोलायचे कष्टही पडले नाहीत. मास्तरांनी स्वतःच ते हातात आणून दिलं, बाईंनी फक्त घेतलं. त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी स्वतःहून दाढी केली आणि टेबलाशी बसून जेवले. कप कलंडला तर हसले. मग बाईंना पुढचा रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार असं काळ्यातच घालणं भाग पडलं. मास्तर विचारायचे, "काळ्यात कुठे?" काहीतरी सांगायला हवं म्हणून बाई डोळे बारीक करून म्हणायच्या, "अंधुक आहे, पण उजवीकडे वाटतं." मास्तर चकती फिरवायचे. पुढची गोळी आणखीच भलतीकडे जायची. हात अजून सुधारत नाही, असं त्यांना वाटायचं. पलीकडे जाऊन त्या भराभर चकत्या चिकटवायच्या आणि हसत परत यायच्या.

हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी घरी परतताना मास्तर म्हणाले, "आपली दुर्बीण आता टाकाऊ झाली. काळ्यातली भोकं दाखवेल अशी घेऊ."

गाडी बाई चालवत होत्या. शेजारी बसलेल्या मास्तरांनी सवयीने नसलेला ब्रेक दाबला, कारण बाईंची गाडी अचानक कडेला गेली होती.

"एवढी काही वाईट नाही ती," बाई म्हणाल्या.

"तुला दिसत नाही म्हणतेस ना? मग?"

बाईंनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दुर्बिणींचं दुकान जिना चढून वर होतं. मालकीणबाई चाळिशीच्या, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला मधूनच जागा शोधावी लागे. मागच्या गॅलरीतून एक लांबलचक गल्ली दिसायची. गल्लीच्या पार टोकाला, एका गोदामाच्या भिंतीवर, त्यांनी गोदामवाल्याला पटवून एक पाटी लावली होती. तिच्यावर काळं वर्तुळ, आणि त्यात विणकामाच्या सुईने पाडलेली भोकं.

"काका, आधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "सगळे येतात ते साठ पॉवरची मागतात. घेऊ नका. ऊन चढलं की जमिनीवरची झळ उठते, ती पण साठपट मोठी दिसते. भोक राहिलं बाजूला, कागदच उकळल्यासारखा दिसतो. पंचवीस-तीसवर बघायचं, काच चांगली घ्यायची आणि पुढची काच मोठी घ्यायची, उजेड भरपूर आत येतो. काळ्यातलं भोक पॉवरने नाही दिसत, उजेडाने दिसतं. आणि काकू चष्मा लावतात, तेव्हा डोळा थोडा मागे ठेवूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे. नाहीतर नळीतून बघितल्यासारखं होतं."

मास्तरांनी जुनी दुर्बीण पिशवीतून आणली होतीच. मालकीणबाईंनी तिपाईवर आधी ती लावली. काळं वर्तुळ, बस्स. मग नवी लावली. मास्तर वाकले, त्यांनी हळूहळू फोकसची चकती फिरवली, आणि थांबले.

"दिसतायत," ते म्हणाले. "सगळी दिसतायत. तू बघ."

बाईंनी पाहिलं. काळ्यात करड्या रंगाची पाच भोकं, मोजून घ्यावीत अशी. इतक्या रविवारांचा त्यांचा आसरा त्या चांगल्या काचेने एका क्षणात काढून घेतला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"आता सरळ की वाकडी?" मालकीणबाईंनी विचारलं. सरळ दुर्बीण नळीसारखी, बघायचं तर तिच्या मागे डोकं न्यावं लागतं. दुसरीचा डोळा लावायचा भाग तिरपा वर आलेला असतो, आणि तो कुशीला फिरवता येतो. "काका, वाकडी घेतलीत तर ती तुमच्या खांद्याजवळ ठेवून तोंड तुमच्याकडे वळवायचं. चटईवरून उठायला नको. गोळी मारली, मान वळवली, स्वतः बघितलं."

बाईंनी मनात हिशेब केला. स्वतः बघितलं, म्हणजे सगळंच संपलं. मास्तर एकदा ते पांढऱ्यातलं भोक बघणार, रायफल खाली ठेवणार, आणि घरी जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. त्या पाठीच्या आठवणीनेच त्या कंबर कसून उभ्या राहिल्या.

"सरळच बरी," त्या म्हणाल्या. "वाकडीच्या तोंडात धूळ पडते."

"झाकण असतं काकू."

"आणि कुठे बघतोय ते कळत नाही. आपण खाली बघतो आणि दिसतं समोरचं. मला गरगरतं तसं."

"दोन दिवसांत सवय होते."

"माझी मान दुखते," बाईंनी शेवटचं अस्त्र काढलं.

"मान दुखणाऱ्यांना तर मी वाकडीच देते," मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दवाखान्यात असत्या तर नक्की शेवटचा नंबर दिला असता.

मास्तरांनी मात्र गॅलरीतल्या फरशीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "चटई आहे का? झोपून बघतो." मालकीणबाईंनी गॅलरीत सतरंजी अंथरली. मास्तर डाव्या हाताला समजावत हळूहळू पालथे झाले. दुर्बीण खांद्याशी, तोंड त्यांच्याकडे वळवलेलं. त्यांनी फक्त मान फिरवली आणि पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "वाकडीच द्या." त्या आवाजात हौस नव्हती. परीक्षेला बसायचं ठरवलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता. बाईंना तो कळला नाही, त्यांना स्वतःचीच धास्ती पुरेशी होती.

रविवारपर्यंत बाईंनी निदान दहा वेळा तोंड उघडलं. भाजी चिरताना उघडलं, तर मास्तर म्हणाले, "काय?" बाई म्हणाल्या, "मीठ संपलंय." मीठ डबाभर होतं. गाडीतही वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण मैदान आलं आणि बाई चटई काढायला उतरल्या.

चटई अंथरली. टेकूवर रायफल आली. नवी दुर्बीण दोघांच्या मधोमध. मास्तरांनी तिचं तोंड स्वतःकडे वळवून पाहिलं आणि मग परत बाईंकडे फिरवलं. रायफलीवरची चकती मागच्या खेपेला जिथे ठेवली होती तिथेच होती.

पहिली गोळी सुटली.

बाईंनी डोळा लावला. इतकं स्वच्छ त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. कागदाची सुरकुती दिसत होती, मागच्या आठवड्यातल्या चकत्यांच्या कडा दिसत होत्या. भोक पांढऱ्यात होतं. डावीकडे, खाली, चारच्या कड्यावर.

त्या वाट बघत राहिल्या. आता मास्तर दुर्बीण ओढून घेतील, बघतील. मास्तर हलले नाहीत. गाल रायफलीला टेकलेला, नजर समोर.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो रोजच्या सरावाचा होता. पण ही दुर्बीण मध्ये होती. तिचं तोंड फिरवून मान वळवली की त्यांना दिसणारच होतं, आणि तरीही ते वळवत नव्हते. म्हणजे बाईंच्या शब्दावर थांबले होते. एवढ्या भरवशाने विचारणाऱ्याला काय सांगायचं? बाईंना रडू फुटेल असं वाटलं.

"पांढऱ्यात," त्या म्हणाल्या. "डावीकडे. खाली. चारला लागलीय."

लांब कुणीतरी गोळी मारली, तिचा आवाज बांधावर आपटून आला.

"डावीकडे म्हणालीस?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. स्वच्छ दिसतंय."

मास्तरांनी गाल उचलला. रायफलीचा खटका उघडा करून ती तशीच टेकूवर ठेवली आणि कोपरावर रेलले. त्यांचा चेहरा असा झाला होता की बाईंना कळेना हे दुःख आहे की काय आहे.

"मलाही डावीकडेच वाटली होती," ते म्हणाले. "सुटतानाच कळलं, डावीकडे आणि खाली."

"अहो, मी..."

"थांब. इतके दिवस मला दर वेळी कळायचं, ही डावीकडे सुटली. आणि तू म्हणायचीस काळ्यात, उजवीकडे. मला वाटलं, हात गेला ते गेला, आता डोकंही गेलं. गोळी सुटताना कुठे जाते ते मला झोपेतही कळायचं. तेच कळेना झालं, तर माझं काय राहिलं?"

बाईंच्या हातातलं दुर्बिणीचं झाकण गळून पडलं.

"मी ठरवलं होतं," मास्तर म्हणाले, "नवी दुर्बीण घ्यायची. तिच्यातूनही मला वाटलं एक आणि दिसलं दुसरं, तर बंदूक विकून टाकायची. हाताचं मला काही नाही. हाताला टेकू देता येतो."

"मग तुम्ही बघितलं का नाही? वाकडी त्यासाठीच घेतलीत ना?"

"घेतली. पण मान वळेना," मास्तर म्हणाले.

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. पहिल्या रविवारपासूनचं, ढिल्या कॉलरीपासूनचं, चकत्यांसकट. काही लपवलं नाही, मिठाचंही सांगून टाकलं. "तुम्ही परत त्या भिंतीकडे तोंड कराल याची मला भीती वाटत होती," त्या म्हणाल्या. "मला तुमचा नेम नको होता हो. तुम्ही हवे होतात."

मास्तरांनी पडलेलं झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं. मग म्हणाले, "दवाखान्यात ठीक आहे ते. पण मी गाडी शिकवताना कुणाला कधी सांगितलं का, समोर खांब नाही म्हणून?"

"नाही."

"आणि तू सांगशील तसा मी चकती फिरवत होतो. लागली डावीकडे, तू म्हणालीस उजवीकडे, की मी आणखी डावीकडे." ते हिशेब करत गेले, आणि एकदम थांबले. "म्हणजे हात एवढा वाईट नाही."

बाईंनाही ते तेव्हाच उमगलं. दर रविवारी ज्या भलतीकडे गेलेल्या गोळ्या बघून त्यांचा जीव तुटत होता, त्यांतल्या अर्ध्याअधिक त्यांनी स्वतः तिकडे धाडल्या होत्या. इतकं प्रेम करून इतकं वाकडं करून ठेवता येतं, हे त्यांना या वयात कळत होतं. त्या रडल्या. डोळे पुसायला चष्मा काढला, तर मास्तरांनी खिशातला रुमाल पुढे केला, डाव्या हाताने. हात थरथरत होता, रुमाल पोचला.

"पुस, आणि बस," ते म्हणाले. "किती कडी सरकवू?"

बाईंनी डोळा लावला. "उजवीकडे सहा. वर तीन."

मास्तरांनी चकत्या फिरवल्या. पुन्हा गाल टेकवला. श्वास निम्मा सोडून थांबले. गोळी सुटली.

बाई बघायला वाकल्या, एवढ्यात मास्तरच बोलले. "सांगू नकोस. काळ्यात आहे, पण चांगली नाही. सात. खाली, जरा उजवीकडे."

बाईंनी पाहिलं. नीट, दोनदा पाहिलं, कारण आता चूक झाली तर ती कुणाच्याच पदरात घालता येणार नव्हती. काळ्याच्या अगदी काठावर करड्या रंगाचा ठिपका होता.

"सात," त्या म्हणाल्या. "खाली. जरा उजवीकडे."

मास्तरांनी डोकं चटईवर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते हसत होते. पूर्वी सात लागला की दिवसभर कुणाशी न बोलणारा माणूस, आज त्या सातावर पोट धरून हसत होता. पाठ त्यांच्या तळव्याखाली गरम लागत होती. बाईंनी हात तसाच राहू दिला.

"पुढची मारू?" मास्तरांनी विचारलं.

"मारा," बाई म्हणाल्या. "वाईट लागली तर वाईट म्हणेन हं."

"म्हण," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी गाल टेकवला.